कपाटातला राऊटर

१० जुलै २००९, शुक्रवार

ही डायरी एका औषध कंपनीने दोन वर्षांपूर्वी फुकट वाटलेली. तारखा खोडून वापरतो आहे. रोज उठून मनातलं लिहीत बसण्याची मला हौस नाही, पण आज ऑफिसात जे ऐकलं ते कुठेतरी तारखेनिशी असावं. उद्या वेळ आली तर उघडून दाखवता येईल.

पुराव्याच्या कागदावर नाव-गाव आधी लागतं, म्हणून लिहितो. यादोराव रामटेके, वय पंचावन्न, राहणार गोंदिया. ट्रस्टच्या रक्तपेढीचं कार्यालय बावीस वर्षांपासून माझ्याकडे. कोणत्या गावात कोणता रक्तगट आहे, बोलावल्यावर कोण येतो आणि कोण नुसता हो म्हणतो, हे सगळं माझ्या डोक्यात आणि माझ्या निळ्या वहीत. तिसरीकडे कुठेही नाही.

तर आज भैयाजी, म्हणजे आमच्या ट्रस्टचे सचिव, स्वतः माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "रामटेकेजी, अब सारे कंप्यूटर आपस में जुड जायेंगे. देवरीवाला सेंटर भी. आप पर लोड बहुत है, थोडा हलका हो जायेगा." देवरीवाला सेंटर म्हणजे तिकडच्या दवाखान्यातलं आमचं छोटं रक्तसाठा केंद्र. बावीस वर्षांत माझ्या लोडची काळजी कोणाला वाटली नव्हती. आजच का वाटावी?

त्यांच्यासोबत एक इंजिनिअर होता, ओमेश्वर बिसेन, आमगावकडचा, तिशीच्या आतला. त्याने सगळं ऑफिस फिरून पाहिलं. प्रत्येक वस्तूला हात लावून एकच प्रश्न, "काकाजी, हे बंद पडलं तं काय होते?" टेलिफोनची लाईन, बॅटरी, सगळ्या वायरी जिथे येतात ती जुनी डबी. मग माझ्यासमोर थांबला आणि तोच प्रश्न जरा वळवून विचारला. "आन् तुमी नाही आले तं, जी?"

मी म्हटलं, बावीस वर्षांत तसं झालेलं नाही. त्याने कागदावर काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते दिसलं नाही. ऑफिसातली ट्यूबलाइट फार मंद झाली आहे. मंगरू शिपायाला दोनदा बदलायला लावली, पण बाजारात मालच हलका येतो आजकाल.

१४ जुलै, मंगळवार

ओमेश्वरने नकाशा आणला. बघतो तर सगळं दोन-दोन. त्याच्या भाषेत स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी जिथे येऊन मिळतात ती पेटी. राऊटर म्हणजे त्या पेटीतले निरोप बाहेर, पार देवरीपर्यंत नेणारा. अशा पेट्या दोन, राऊटर दोन. बाहेर जायच्या लाईनीही दोन, एक टेलिफोनची जमिनीतून, दुसरी टॉवरवरून हवेतून. दोघांना वेगळ्या बॅटऱ्या. सर्व्हरच्या वायरीसुद्धा एक या भिंतीने आणि दुसरी त्या भिंतीने, एकाच उंदराने दोन्ही कुरतडू नयेत म्हणून.

मी विचारलं, दोन्ही राऊटर एकदम काम करतात का.

"नाही जी. एक करते. दुसरा आयकून राह्यते," तो म्हणाला. "पयला दर सेकंदाले सांगते, मी आहो, मी आहो. ज्या टायमाले तो आवाज बंद होते, त्या टायमाले दुसरा त्याची जागा घेते."

म्हणजे दुसऱ्याचं काम काय, तर पहिला कधी गप्प होतो याची वाट बघणं. असली वस्तू माणूस मुद्दाम विकत घेतो हे मला नवीन. भैयाजी मात्र मान डोलावत होते. कुठेतरी पाणी मुरतंय.

२२ जुलै, बुधवार

सकाळी मोठं सूर्यग्रहण होतं. वस्तीतली सगळी माणसं गच्च्यांवर, माझी बायको अंजनासुद्धा. खाली येऊन मला म्हणते, "केवढा अंधार पडला होता, पाखरं चूप झाली." मला तर रोजच्यासारखीच सकाळ वाटली. लोकांना कशाचंही अप्रूप.

२ ऑगस्ट, रविवार

आषाढ पौर्णिमेपासून विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू आहे. आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी सात ते आठ. अठरा वर्षं हे वाचन माझ्याकडे आहे. माझा बाप अंगठा उठवायचा. मी पहिल्यांदा विहारात वाचलं तेव्हा तो पहिल्या रांगेत बसून रडला होता. तेव्हापासून मी एक दिवस चुकवलेला नाही, तापातसुद्धा.

आज वाचन झाल्यावर विहाराच्या अध्यक्ष सावित्रीबाई म्हणाल्या, "यादोरावजी, उद्यापासून रंजिता बी वाचत जाईन. अर्धं तुमी, अर्धं ते. तुमाले दम लागते."

मला दम लागत नाही. परवा एक पान उलटताना दोन उलटली गेली, एवढंच. तेही पाठ असल्यामुळे सावरून घेतलं, कोणाला कळलंही नाही.

आणि ही रंजिता कोण? तीच रंजिता शहारे, जी गेल्या वर्षापासून रक्तपेढीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. आमच्याच वस्तीतली, शिकलेली, काका काका म्हणते. ऑफिसात ती, विहारात ती. योगायोगालाही काही मर्यादा असते. हल्ली मी रजिस्टर लिहीत असलो की ही मागे येऊन उभी राहते आणि मी उठलो की माझी ओळ परत वाचून बघते. मी पाहिलं आहे.

११ ऑगस्ट, मंगळवार

आज पुरावा हाती आला.

ओमेश्वर आपली फाईल माझ्या टेबलावर ठेवून चहाला गेला. वरच्याच पानावर त्याच्या हाताने लिहिलेली यादी. मी ते पान काढून घेतलं. चोरी म्हणा हवं तर. डिंकाने इथे समोरच्या पानावर चिकटवलं आहे.

मोठ्या अक्षरात मथळा, 'मोडीत द्यायचे'. खाली नंबर घालून स्विच, राऊटर, बाहेरची लाईन, बॅटरी, सर्व्हरची वायर. आणि सहाव्या नंबरला, 'रामटेके काकाजी'. त्याखाली पुसट डाग आहे, चहाचा असावा.

खिडकीपाशी नेऊन तीनदा वाचलं. ज्या वस्तू अजून ऑफिसात आलेल्याही नाहीत त्या मोडीत काढायचं आधीच ठरलं आहे. हे कसलं गौडबंगाल, ते मला अजून उलगडलेलं नाही. पण सहावा नंबर स्पष्ट आहे. भंगारवाल्याच्या गाडीत जुनी बॅटरी, वायरींचे भेंडोळे आणि वर मी.

घरी येऊन जेवलो नाही. अंजनाला काही सांगितलं नाही. तांदूळ निवडत बसावं म्हटलं तर तिने हातातलं सूपच काढून घेतलं. "मी निवडतो जी. तुमच्या हातून खडे राह्यतेत." घरातसुद्धा.

२० ऑगस्ट, गुरुवार

पोळा. अर्धा दिवस ऑफिस. ओमेश्वरला गावी जायची घाई, त्याच्या बापाची बैलजोडी यंदा पहिल्यांदा तोरणाखाली उभी राहणार होती. जाता जाता मला समजावतो, "काकाजी, समजा हे बैलाचीच जोडी आहे."

मी म्हटलं, बैलांची जोडी दोघं मिळून ओढते. तुझ्या जोडीत एक ओढतो आणि दुसरा बघत बसतो. आमच्याकडे असल्या बैलाला काय म्हणतात ते सणाच्या दिवशी बोलत नाही.

तो हसत सुटला. "तुमचं बी बरोबर हाये," म्हणाला. ज्याला आपण मोडीत काढणार त्याच्याशी हसून बोलायला कसं जमतं माणसाला?

२७ ऑगस्ट, गुरुवार

सगळं बसलं. भैयाजींसमोर ओमेश्वरने प्रयोग करून दाखवला. रंजिता कॉम्प्युटरवर साठा बघत होती, त्याने चालू स्विचची वायर उपटली. रंजिताचा कॉम्प्युटर चालूच. मग पहिला राऊटर बंद केला. दोन-तीन सेकंद गेले आणि देवरीचा साठा पुन्हा दिसू लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

जे काढून घेतल्यावर काहीच होत नाही त्याला मराठीत निरुपयोगी म्हणतात, हे मी मोठ्याने बोललो. ओमेश्वर म्हणाला, "काहीच होऊ नये ह्याच्यासाठीच तं एवढी मेहनत केली, काकाजी."

उद्या मला उपटलं तर दोन-तीन सेकंद जातील आणि पुन्हा सगळं दिसू लागेल. यांना तेच हवं आहे.

५ सप्टेंबर, शनिवार

डाव उघड झाला. भैयाजी म्हणाले, पुढच्या महिन्यात ट्रस्टतर्फे डोळ्यांचा कॅम्प आहे, नागपूरचे डॉक्टर येणार. "आप भी दिखा दीजिये. ऑपरेशन निकला तो आठ दिन आराम. यहाँ रंजिता देख लेगी."

आठ दिवस. ओमेश्वरचा दुसरा राऊटर तीन सेकंदांत जागा घेतो, आठ दिवसांत तर माणूस खुर्चीवर घर बांधून राहील. आणि लगेच रंजिता, "काका, निळी वही द्या ना दोन दिवस. मी कॉम्प्युटरात चढवून ठेवते." म्हणजे आधी वही, मग खुर्ची. मी वही कपाटात ठेवली आणि जानवं घालणारी माणसं मी पाहिली आहेत, तशी किल्ली गळ्यात घातली.

घरी आलो तर अंजनाही तेच. "डोळे दाखवून घ्या हो. कायले घाबरता?" अगदी आजच, अगदी तेच. हिला कोणी पढवलं? मी म्हटलं, माझे डोळे ठीक आहेत, वर्तमानपत्रवाले शाई कमी वापरतात. ती पदराने डोळे पुसत आत गेली. कांदा चिरत होती बहुतेक.

१२ सप्टेंबर, शनिवार

ओमेश्वर पंधरा दिवसांसाठी देवरीला गेला आहे, तिकडचाही दुसरा राऊटर बसवायला. आज दुपारी भैयाजी नव्हते, रंजिता रक्तदान शिबिराला. मी तो दुसरा राऊटर काढला, टॉवरच्या लाईनीचा. त्याच्या वायरी आत खोचून ठेवल्या आणि यंत्र माझ्या कपाटात, निळ्या वहीच्या खाली.

मोडतोड केलेली नाही. पंधरा दिवस याच्यावाचून काही अडलं नाही की भैयाजींसमोर ठेवणार आणि विचारणार, की तुमच्या ओमेश्वरने जो हिशोब माझ्यासाठी मांडला, तो याच्यासाठी विकत घेण्याआधी का मांडला नाही.

मंगरूने पाहिलं. "सायेब, हे काऊन काढून राह्यले?"

पुसायला, म्हटलं.

"पुसायचं मी करतो ना जी. तुमच्या डोऱ्याले बरोबर दिसते का त्या वायरी?"

त्याला झापलं. मग वाईट वाटलं. पण तोही त्यांच्यातलाच नाही कशावरून?

२१ सप्टेंबर, सोमवार

नऊ दिवस. काहीही अडलेलं नाही. कोणी विचारलंसुद्धा नाही. रोज सकाळी कपाट उघडून बघतो. एवढीशी पेटी, पण तिला बघून मन शांत होतं. खरं तर आनंद व्हायला हवा, तो मात्र होत नाही. नऊ दिवस ती इथे अंधारात पडून आहे आणि तिची आठवणही कोणाला झाली नाही.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो, एकही गोष्ट न लपवता. नाहीतर या डायरीला काही अर्थ नाही.

काल सकाळी दहाच्या सुमारास समोरच्या रस्त्यावर नाली खोदणाऱ्या मशीनने टेलिफोनची वायर तोडली. फोन गेला आणि त्याच वायरीतून येणारी बाहेरची लाईनही गेली. ऑफिसातले कॉम्प्युटर आपसांत चालू होते, म्हणून बाकी कोणाला पत्ता लागला नाही. मला लागला होता. साडेदहाला मी फोन कानाला लावला, तो मुका होता. कपाटातलं यंत्र आठवलं का? आठवलं. पण ते परत लावायचं म्हणजे मी काढलं होतं हे कबूल करायचं. वाटलं, तासाभरात लाईन येईल.

दोन वाजून दहा मिनिटांनी मंगरूचा मोबाईल वाजला. देवरीच्या ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर त्याचा साडू. चिचगडची एक बाळंतीण सकाळपासून देवरीला आणलेली, रक्त थांबत नव्हतं. गट ओ निगेटिव्ह. तिथली एकुलती पिशवी चढवून झाली होती, अजून दोन हव्या होत्या. अकरा वाजल्यापासून ते कॉम्प्युटरवर मागणी टाकत होते, आमच्या ऑफिसचा फोन फिरवत होते, आणि इकडून जवाब नव्हता. दुसरा कोणताच नंबर त्यांच्याकडे नव्हता, आणि ओमेश्वर दिवसभर टॉवरच्या कामाला देवरीबाहेर गेलेला.

तीन तास.

रंजिता धावत जाऊन यंत्रांच्या मांडणीपाशी उभी राहिली. "काका, इथला दुसरा राऊटर कुठे आहे?" मंगरू खाली बघत होता. मी गळ्यातली किल्ली काढली, कपाट उघडलं आणि ती पेटी तिच्या हातात दिली. तिने वायरी लावल्या, दिवे लागले आणि देवरीच्या मागण्या एकाखाली एक येऊन पडल्या. पाच होत्या.

पेढीत ओ निगेटिव्हची एकही पिशवी नव्हती. रक्त गावोगावच्या माणसांत होतं आणि ती माणसं माझ्या वहीत. मंगरूचा मोबाईल घेऊन मी पहिला नंबर लावला. बालाघाटच्या कोणा दुकानदाराने मला झापून ठेवून दिला. दुसरा लावला, तसा नंबरच नाही म्हणे. नंबर माझ्याच हाताने लिहिलेले. शाई पसरली आहे, असं मी रंजिताला म्हणालो. म्हणताना माझ्याच लक्षात आलं की बॉलपेनची शाई पसरत नसते.

ती समोर उभी होती. हात पुढे केला नव्हता, नुसती वाट बघत होती. मी गप्प झालो. मग वही तिच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "वाच."

"'नत्थूलाल, आमगाव, पोळा.' म्हणजे काय, काका?"

"पोळ्याला दिलं त्याने. तीन महिने व्हायचे आहेत. पुढचा."

"'भोजराज, गोरेगाव, सासू.'"

"त्याचा फोन बंदच असतो. तो नंबर सासूचा आहे, तिला सांग, ती पिटाळते त्याला."

"'विवेक, दासगाव, आई नको.'"

"आईने उचलला तर रक्ताचं नाव काढू नको, ती पाठवत नाही. क्रिकेटची मॅच आहे म्हण."

भोजराज साडेतीनला आला, विवेक चारच्या आत, बॅट घेऊन. रक्त घेतलं, तपासण्या झाल्या, साडेपाचच्या पुढे गाडी देवरीला निघाली. अंजनाला रात्री सगळं सांगितलं. तिने माझा हात धरून ठेवला. मला झोप लागली नाही. ती बाई कोण, तिचं नावही मला माहीत नव्हतं आणि तिचे तीन तास मी कपाटात ठेवले होते.

आज सकाळी मंगरूच्या मोबाईलवर साडूचा निरोप आला. "बाई हाये. पोरगी बी हाये." मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, मग बाहेर आलो.

ओमेश्वर पहिल्या बसने देवरीहून आला होता. भैयाजींनी सगळ्यांना उभं केलं. "दूसरा राऊटर किसने निकाला था?" रंजिता म्हणाली, "सर, ती वायर जरा ढिली..." मी तिला पुढे बोलू दिलं नाही.

"मी काढला," म्हटलं. "आणि यामुळे काढला." डायरी उघडून ती चिकटवलेली यादी टेबलावर ठेवली. "बावीस वर्षं काम केलेल्या माणसाला मोडीत काढायचं असेल तर तोंडावर सांगायचं असतं."

ओमेश्वर वाकून बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. "काकाजी, वरती काय लिवलं आहे, वाचा बरं."

"मोडीत द्यायचे."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. रंजिता माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाली, "काका, 'जोडीत घ्यायचे' आहे ते."

मी यादी खिडकीपाशी नेली. डोळे बारीक केले, जवळ धरली, लांब धरली. ज आहे की म, घ आहे की द, मला ठरवता येईना. पण माझ्याकडे बघणारे चार चेहरे धड दिसत नसूनही ते खोटं बोलत नाहीत हे कळत होतं. ट्यूबलाइट बिचारी चांगलीच होती. वर्तमानपत्राची शाईही. तांदळातले खडेही खरे, आणि ग्रहणाचा अंधारसुद्धा पडला असणार.

"मग मला कशाला जोडी?" मी विचारलं.

"तुमी आठ दिवस ऑपरेशनले गेले तं पेढी बंद पडन," ओमेश्वर म्हणाला. "आन् नाही गेले तं डोळे जातीन. मले काकीनं सांगतलं होतं, सावित्रीबाईनं बी. तुमाले समोरून कोन सांगन? तुमी कोनाचं आयकता का?"

ऐकत नाही, हे खरं आहे. भैयाजी एवढंच म्हणाले, "रामटेकेजी, आठ दिन." आणि आत निघून गेले. माफ केलं की नाही ते बोलले नाहीत. मलाही ते इतक्यात नको होतं.

मी डायरी मिटत होतो तर रंजिता म्हणाली, "काका, तुमच्या नावाखाली पेन्सिलनं एक ओळ आहे." मी म्हटलं, तो चहाचा डाग. "डाग नाही," ती म्हणाली. काय लिहिलं आहे विचारलं, तर ओमेश्वर घाईने वायरी गुंडाळायला लागला. रंजिता म्हणाली, "ते तुम्ही डोळे बरे झाल्यावर वाचा."

४ ऑक्टोबर, रविवार

आश्विन पौर्णिमा, वर्षावास संपला. आज शेवटचं वाचन मी रंजिताला दिलं आणि पहिल्या रांगेत बसलो, बाप बसायचा तिथे. ती छान वाचते. मध्ये घाबरून तिच्या हातून दोन पानं एकदम उलटली गेली आणि ती अडखळली. मी खालून पुढचं वाक्य सांगितलं. तिने पान मागे घेतलं आणि पुढे वाचत राहिली. कोणाला कळलं असेल तर कळो.

गुरुवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन, उजवा डोळा. निळी वही तिच्याकडे दिली आहे. रोज संध्याकाळी ती घरी येते, एकेक नाव वाचते, मी अर्थ सांगतो आणि ती लिहून घेते. एकशे बारा नावं झाली. अंजना म्हणते, एवढं तर तुम्ही माझ्याशी लग्नापासून बोलला नाहीत.

११ नोव्हेंबर, बुधवार

आज चष्मा मिळाला. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. घरी येऊन आधी अंजनाकडे बघितलं. तिचे केस इतके पांढरे झालेत हे मला माहीत नव्हतं. तसं बोललो, तर म्हणाली, "दोन सालापासून हायेत जी."

मग ही डायरी काढली. माझंच अक्षर, पण ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, काही शब्द तर पानाबाहेर गेलेले. जुलैपासून सगळं वाचून काढलं. स्वतःची इतकी लाज क्वचितच वाटली असेल, आणि दोन ठिकाणी हसूही आलं.

यादीचं पान शेवटी उघडलं. ज. चांगला गोल गाठीचा, शाळेत गिरवतात तसा ज. 'जोडीत घ्यायचे.' सहा नंबर, 'रामटेके काकाजी'. आणि खाली पेन्सिलीने, बारीक, ओमेश्वर बोलतो तसंच लिहिलेलं:

'ह्यायची जोडी कोठीच भेटनार नाही. निदान वही तरी दोन करा.'

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. त्या आठ दिवसांच्या सुट्टीचा अर्ज मी आत्ताच लिहिला, उद्या भैयाजींकडे देण्याआधी रंजिताच्या टेबलावर ठेवीन.